नानांचा क

"कोणता क?" नानांनी विचारलं. "त्याना पुढं काय शे?"

मी ग्राफ पेपरची वही त्यांच्या पुढ्यात उघडून बसले होते आणि एक साधं अक्षर मागत होते. एक क. बालवाडीतलं पोरसुद्धा कोणता म्हणून विचारत नाही. क म्हणजे क, पुढे काही नाही, असं मी सांगितलं. नानांनी ब्रश डब्यात परत ठेवला आणि पुढे काही नसलेला क आजवर कुठल्या दुकानावर पाहिलास का, असं उलट मलाच विचारलं. मी वैतागून म्हणाले, कापूस समजा, कापसातला क काढा. मग त्यांनी ब्रश उचलला आणि एका दमात असा क काढला, की क्षणभर मी भांडायचं विसरले. नंतर नीट पाहिलं तर तो मी आखून दिलेल्या चौकटीच्या बाहेर दोन घरं गेलेला होता.

नाना म्हणजे माझे वडील. जळगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी शाळेत जाताना वाटेवरच्या पाट्या मोजायचे, त्यातल्या निम्म्या नानांच्या असायच्या, आणि उरलेल्या निम्म्या नानांच्या मते अक्षर नसलेल्या माणसांनी रंगवलेल्या असायच्या. मग एका वर्षी नशिराबादला हायवेवरच्या टायरच्या दुकानाची पाटी करताना शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी शिडी कायमची बंद केली. तेव्हापासून नाना दाराशी खाटेवर बसून असत. कोणी मोटरसायकलची नंबरप्लेट घेऊन आलं तर ते त्याला हात जोडून परत पाठवत. आकडे लिहिणं म्हणजे लिहिणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, माणूस खाटेवर बसला की घरात दुसऱ्या कोणाला उभं राहायला जागा उरत नाही. ते खरंच होतं.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून धुळ्याला नोकरीला लागले होते. आठवडाभर मावशीकडे राहायचं, शनिवारी दुपारच्या एस.टी.नं जळगावला यायचं. ऑफिस दोन खोल्यांचं. साहेबांनी धरणगावच्या एका जिनिंग सोसायटीला शब्द दिला होता की काट्यावर कापसाच्या गाडीचं वजन झालं की शेतकऱ्याच्या हातात छापील मराठी पावती पडेल. शब्द साहेबांनी दिला आणि तो पाळायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी आमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. पुण्याला तयार अक्षरं विकत मिळत, पण साहेबांचा विचार होता की आपणच बनवली तर ती पुढे दहा ठिकाणी चालतील. सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, एकेका अक्षराचे ठिपके त्यात भरायचे आणि प्रिंटरच्या सुयांना ते मारायला लावायचे. पण ती अक्षरं काढणार कोण, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की माझे वडील काढतील.

ही माझी चूक. दुसरी चूक म्हणजे मी ते त्याच शनिवारी नानांना सांगितलं. त्यांनी आईकडे धुतलेला सदरा मागितला, काठी घेतली आणि कित्येक महिन्यांनी चौकापर्यंत चालत गेले. न्हाव्याकडे, चहावाल्याकडे, कापड दुकानदाराकडे सगळीकडे सांगून आले की आपलं अक्षर कॉम्प्युटरात चाललं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्कांनी मला पेढे कधी म्हणून विचारलं. साहेब तर स्पष्ट बोलले होते, की कापूस यायला लागेपर्यंत अक्षरं नीट झाली नाहीत तर ते पुण्याहून आणणार. मग नानांना पुन्हा त्या चौकातून कसं जाता आलं असतं?

तर असं होतं. आणि नाना मला विचारत होते, कोणता क.

त्यांची कामाची रीतच वेगळी होती. दुकानदार नाव सांगणार, पाटी किती फुटी ते सांगणार. नाना आधी वरची रेघ मारून घेत. मग पहिलं अक्षर डाव्या टोकाला, शेवटचं उजव्या टोकाला, आणि मधली अक्षरं मागाहून त्या जागेत बसवायची. त्यामुळे त्यांच्या हातात एकटं अक्षर असं नव्हतंच. क कान्याआधी वेगळा, र आधी वेगळा, ओळीच्या शेवटी आला तर त्याची शेपूट वेगळी. मी एका आठवड्यानं परत आले तेव्हा त्यांनी अकरा क काढून ठेवले होते. बाकीची वर्णमाला कोरीच. कॉम्प्युटरला एकच क लागतो, हे मी त्यांना हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, मग एकच दुकान काढा म्हणावं.

शिवाय त्या घरांवरून भांडण. प्रिंटरला चोवीस सुया, म्हणून अक्षराला उंचीची चोवीस घरं. एकेक घर एकतर काळं नाहीतर पांढरं. नाना वळणावर ब्रश फिरवत आणि वळण घराच्या मधून जाई. मी म्हणायचे, हे भरलं का मोकळं, एक काय ते ठरवा. ते म्हणायचे, इथे अर्धं पाहिजे. अर्धं घर नसतं, मी म्हणायचे. स च्या पोटाला अर्धं घर कमी केल्याशिवाय स होतच नाही, ते म्हणायचे. एका रविवारी यावर आम्ही इतके भांडलो की आईनं वही उचलून माळ्यावर भिरकावून दिली, आणि ती काढायला शिडी लागत असल्यानं मलाच चढावं लागलं.

शेवटी मी अकरामधला एक क घेतला, बाकीचे दहा गुंडाळून ठेवले आणि तशाच दटावणीनं एकेक करून सगळी अक्षरं काढून घेतली. मग धुळ्याला बसून प्रत्येक अक्षराची प्रत्येक ओळ आकड्यांत मांडायची. एक घर चुकलं की ण चा पाय तुटायचा. वीज जायची, आणि साठवायचं राहिलेलं सगळं काम तिच्याबरोबर जायचं. मी त्या दिवसांत कोणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. मावशी मला जेवायला वाढून लांब जाऊन बसायची.

पहिल्यांदा शब्द छापला तो धरणगाव. शिरोरेघ जुळली म्हणून मी टाळी वाजवणार होते, पण खाली पाहिलं आणि हात तसेच राहिले. र च्या पोटाखाली एवढी मोकळी जागा की ध आणि र एका गावाचे, ण, गा आणि व दुसऱ्या गावाचे वाटत होते. पुढचं अक्षर सरसकट मागे ओढलं तर र ठीक व्हायचा, पण बोदवडमधले द आणि व एकमेकांना धडकायचे. जोडी बघून अंतर कमीजास्त करण्याला इंग्रजी पुस्तकात कर्निंग म्हणतात, एवढं सापडलं. पुस्तकानं उदाहरणाला ए आणि व्ही ही दोन अक्षरं देऊन हात झटकले होते. त्यांचं काय जातं! आमच्याकडे काना आहे, मात्रा आहे, वेलांटी आहे, अर्धी अक्षरं आहेत, आणि कोणीही कोणाच्याही शेजारी येऊन बसतं.

म्हणून मी एक तक्ता केला. आडव्या ओळीत आत्ताचं अक्षर, उभ्या ओळीत पुढचं अक्षर, आणि जिथे दोघं भेटतात तिथे किती ठिपके मागे ओढायचं तो आकडा. छापायचं, पट्टीनं मोजायचं, आकडा बदलायचा, परत छापायचं. तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, र आणि ण च्या घरात आकडा टाकताना माझ्या लक्षात आलं की माझा प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराला एकच प्रश्न विचारतोय, तुझ्या पुढे काय आहे? नानांनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं. हे त्या शनिवारी त्यांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण माझा राग गेलेला नव्हता.

अंतरं जमली तरी पावती चांगली दिसेना. साहेबांनी ती हातात घेतली, तिरकी केली, सरळ केली आणि म्हणाले, अक्षरं पुढे पडताहेत. खरंच, सगळी अक्षरं डोक्यानं जड आणि पायानं बारीक दिसत होती, भारा घेतलेल्या बाईसारखी. मला वाटलं माझंच चुकलं. प्रिंटर आडवे ठिपके दाट आणि उभे विरळ मारत असेल. मी चौकोन छापून पट्टीनं मोजले, ते चौकोनच होते. गोल छापले, गोलच. प्रोग्रॅमची एकेक ओळ तपासली. पंधरा दिवस मी एका न सापडणाऱ्या चुकीच्या मागे होते, आणि साहेब रोज एकदा येऊन काही न बोलता पावती बघून जात. एका शुक्रवारी ते बोलले. पुढच्या शनिवारी सोसायटीचे चेअरमन येणार आहेत, बुधवारपर्यंत जमलं नाही तर मी पुण्याला फोन करतो, एवढंच. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जळगावला उतरले आणि घरी जाण्याआधी प्रिंटरची रिबन घ्यायला एका दुकानात गेले. ते दुकान गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. मालक रिबन शोधत होता म्हणून मी गॅलरीत येऊन उभी राहिले. समोर, माझ्या अगदी डोळ्यांच्या रेषेत, कापड दुकानावरची नानांची पाटी होती. ती पाटी मी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेली. आणि ती चुकीची दिसत होती. अक्षरं डोक्यानं जड, पायानं बारीक, पुढे पडणारी. थेट माझ्या पावतीसारखी.

मी रिबन न घेताच जिना उतरले आणि रस्त्यात उभी राहून वर पाहिलं. पाटी सुरेख होती. अक्षरं ताठ उभी होती, एकही पडत नव्हतं. मी पुन्हा जिना चढले, पाहिलं, पुन्हा उतरले. दुकानदारानं विचारलं, ताई, काही हरवलं का.

घरी जाऊन मी चपलाही काढल्या नाहीत. नानांना विचारलं, तुम्ही अक्षराचं डोकं मोठं काढता का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना श्वास घेता का म्हणून विचारतेय.

"बोर्ड कोठे ऱ्हास?" ते म्हणाले. "वर. लोके खालून देखतस."

उंचावरच्या अक्षराचं डोकं खालून लहान दिसतं, म्हणून ते आधीच मोठं ठेवायचं. लांबून अक्षरं एकमेकांत मिसळतात, म्हणून अंतरही मोकळं ठेवायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि मला सांगावं असंही कधी वाटलं नव्हतं. मी ओरडलेच. म्हटलं, नाना, ही पावती आहे, तळहाताएवढी, ती काय लोक झाडाला टांगून वाचणार आहेत? माझे पंधरा दिवस गेले. थोड्या वेळानं त्यांनी वही मागितली.

रविवारी सकाळपासून ते बसले. डोकं लहान ठेवून क काढायचा, एवढंच काम. पहिला काढला, डोकं मोठं. दुसरा काढला, डोकं मोठं. मी ग्राफवर पेन्सिलीनं खूण करून दिली, इथपर्यंतच. त्यांचा हात खुणेपाशी थांबायचा, अडखळायचा आणि खुणेच्या वर निघून जायचा. खुणेवर थांबलेला एकच निघाला, आणि तो क नव्हताच, शाळेतल्या पोरानं काढलेलं काहीतरी होतं. नानांनी ते पाहिलं. दुपारी त्यांनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि डब्यात उलटा ठेवून दिला. म्हणाले, साहेबांना सांग, पुण्याहून आणा. चौकात काय सांगायचं ते मी बघतो. मला भांडायचं होतं, पण भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी एस.टी.त बसल्यावर एरंडोल येईपर्यंत मी नुसती खिडकीबाहेर बघत होते. पारोळ्याच्या आधी मला सुचलं, आणि सुचल्याचा आनंद होण्याऐवजी लाज वाटली. नानांच्या हाताला जे जमत नव्हतं ते प्रोग्रॅमला करायला लावायचं. अक्षर छापायच्या आधी शिरोरेघेखालची एक ओळ गाळायची आणि पायाकडची एक ओळ दोनदा मारायची. अंतर सगळीकडे दोन ठिपक्यांनी कमी करायचं. नऊ ओळींचा कोड झाला. तीन आठवडे खपून केलेला माझा तक्ता त्यामुळे पुन्हा विस्कटला, तो मंगळवारभर आणि बुधवारी दुपारपर्यंत परत बसवला. साहेबांनी पावती हातात घेतली, पुण्याचा विषय काढला नाही आणि चहा मागवला.

शनिवारी सकाळी चेअरमन आले. त्यांनी पावती घेतली, वजन वाचलं, गावाचं नाव वाचलं, घडी घालून खिशात ठेवली आणि काट्याच्या वायरबद्दल विचारायला लागले. अक्षराकडे कोणी पाहिलंच नाही. पावतीच्या अक्षराला याहून मोठी शाबासकी नसते हे मला कळत होतं, तरी मला त्यांचा राग आला.

मी दुपारच्या गाडीनं पावती घेऊन जळगावला गेले. नानांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तुमचीच अक्षरं आहेत, बघा, एवढंच म्हणायचं. त्यांनी पावती घेतली आणि पेंटर पाहतो तशीच पाहिली. दोन्ही हातांनी धरून डोक्याच्या वर, हात ताणून, मान मागे टाकून. बराच वेळ. कागदातून उजेड येत होता. मग त्यांनी ती खाली आणली, मांडीवर ठेवली आणि मान वाकवली.

"मान खाले घालीसन वाचानं शे ना हाई," ते म्हणाले. "मंग बराबर शे."

आता मात्र मी सगळं सांगून टाकलं. की मूळ अक्षरं तशीच आहेत, फ्लॉपीत, तुम्ही काढली तशी, एक ठिपका हलवलेला नाही. फक्त छापताना प्रोग्रॅम त्यांची मान कमी करतो. पुढे काय आहे हे विचारल्याशिवाय एक अक्षरही छापता येत नाही, हेही सांगितलं, आणि ते पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होता, हेही. नानांनी एवढंच विचारलं की मूळ म्हणजे खरंच मूळ का. मी हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साहेबांना न विचारता मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कोडच्या त्या नऊ ओळी काढून टाकल्या, अंतर नानांचं मोकळंच ठेवलं आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी फुल्यांचा एक ठोकळा छापला. कागद प्रिंटरमधून आडवा निघत राहिला, एकाला एक जोडलेला, फाडायची गरज नसलेला. वीतभर उंच अक्षरं. शब्द एकच, कापूस.

रविवारी आईनं शेजारून उंच स्टूल आणलं. मी स्टुलावर चढले, नाना खाली खाटेवरून मला सांगत होते. डावीकडे. अजून. वर. दाराच्या वर, छताला लागून मी तो कागद चिकटवला आणि खाली उतरून वर पाहिलं. क ताठ उभा होता. नानाच होते ते, सगळेच्या सगळे. मला वाटलं आता तरी ते खूश होतील.

नानांनी डोळे बारीक केले. पू आणि स मध्ये अर्धं घर जास्त आहे, ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. अर्धं घर नसतं, हे मी त्यांना इतके महिने सांगत होते. मग मी वर पाहिलं. एकेका घराच्या जागी आता बोटभर ठोकळा होता, आणि त्याचं अर्धं करता येत होतं. मी आईकडे कात्री मागितली, पुन्हा स्टुलावर चढले, कागद काढला, पू आणि स च्या मधून कापला आणि स चा तुकडा शिरोरेघेवर शिरोरेघ ठेवून अर्धं घर आत सरकवला. डिंक लावून कागद पुन्हा वर चिकटवला. उतरायच्या आधी तिथूनच विचारलं, आता?

नाना खालून बघत होते. आईसुद्धा हातातलं टाकून बघत होती.

"आते तो स शे," नाना म्हणाले.